बस मागे येत नाही

मॅचला निघालेल्या बसने रिव्हर्स गिअर टाकायचा नाही, हा नियम सोर्गिन्स्कच्या 'मार्तेन' क्लबात जुनाच होता. त्याचा धर्म केला तो रोदिओन झाखारोविच तेरेबिनने. बस उभी करतानाच अशी करायची की निघताना तिचं नाक पुढे राहील. गल्ली चुकली तर खुशाल वळसा घालायचा, पण मागे यायचं नाही. गेल्या एप्रिलात प्रोखोर ड्रायव्हरने एका हॉटेलच्या आवारात, आरसा खांबाला घासत होता म्हणून, बस हातभर मागे घेतली होती. त्या दिवशी मार्तेन चार गोलांनी हरला. तेरेबिनने पत्रकारांपुढे ना गोलकीपरला बोल लावला, ना बचावफळीला. लावला तो प्रोखोरला. पत्रकार हसले.

"हसा," तेरेबिन म्हणाला. "तुम्ही आयुष्यात कधी गोल मारलाय का?"

त्याने मारले होते, आणि भरपूर मारले होते. शहरात त्याला 'घण' म्हणायचे. अंगापिंडाने दारात मावत नसे, आणि कॉर्नरवरून आलेला चेंडू डोक्याने असा हाणायचा की जाळीमागे बसलेली माणसं अंग चोरायची. राजधानीतल्या एका बड्या क्लबाने त्याला उचललं, दोन हंगाम बाकावर बसवलं आणि वापरलेला टॉवेल परत करावा तसा परत केला. सोर्गिन्स्कने काही मनावर घेतलं नाही. इथे तो गुडघा जाईपर्यंत खेळला. गुडघा गेल्यावर प्रशिक्षक झाला. गुडघा गेलेल्यांना दुसरं येतंच काय? एका क्लबाने त्याला शरदात काढलं, दुसऱ्याने वसंतात, तिसऱ्याने तर नववर्षाच्या मेजवानीत, केक कापायच्या आधी. बायको त्यातल्या दुसऱ्या शहरात मागे राहिली. पन्नाशी उलटल्यावर तो घरी परतला तेव्हा मार्तेन तळाशी होता आणि आधीचा प्रशिक्षक गाशा गुंडाळून गेला होता. क्लबाचे संचालक एदुआर्द किरिलोविच लापशिन यांनी तेरेबिनला खोली दिली आणि दारावर पाटी लावली : 'प्रभारी मुख्य प्रशिक्षक'.

त्या 'प्रभारी'ने तेरेबिनची झोप उडवली. पावाच्या दुकानातली बाईसुद्धा विचारायची, "काय झाखारिच, अजून प्रभारीच का?" आणि तो पाव न घेताच बाहेर पडायचा. लापशिननी शब्द दिला होता : संघ लीगच्या या वर्गात टिकला की पाटी बदलतो. आता हंगामाच्या शेवटी दोनच मॅच उरल्या होत्या, 'बुर्लाक'शी; पहिली त्यांच्या गावात, दुसरी आपल्या. दोन्हींचे गोल मिळवून जो वर राहील तो टिकणार, दुसरा खाली जाणार. एवढं झालं की तो एक शब्द खरवडला जाणार होता. तेरेबिनला जगाकडून दुसरं काही नको होतं.

पोरांना भूक म्हणजे काय ते कळावं म्हणून तो एक गोष्ट सांगायचा. प्रत्येक नव्या खेळाडूला सांगायचा, प्रत्येक पत्रकाराला सांगायचा, आणि दर वेळी स्वतःच आधी हसायचा. तो एकोणीस वर्षांचा असताना मार्तेनचा पहिला स्ट्रायकर होता लेव मामिकिन. ऑगस्टात एकदा मॅचला जाताना बस रेल्वे फाटकाशी थांबली. बाजूला टरबुजांचा ढीग होता. मामिकिन उतरला आणि एकेक टरबूज कानाशी धरून टिचक्या मारत बसला. तेवढ्यात फाटक उघडलं. म्हातारे प्रशिक्षक निकानोर इलिच पुढच्या सीटवरून ओरडले, "सगळे आले का रे?" मामिकिनच्या शेजारी बसायचा तेरेबिन. त्याला खिडकीतून मामिकिन धावत येताना स्वच्छ दिसत होता.

"मी म्हटलं, आले," तेरेबिन सांगायचा. "आणि तो टरबूज पोटाशी धरून धावतोय! गरोदर बाईसारखा! अरे, टाकलं असतंस तर पोचला असतास! पण नाही टाकलं. निकानोर इलिचना कळलं तेव्हा बस रुळांच्या पलीकडे. मागे घेतील? मॅचच्या दिवशी? मी खेळलो त्याच्या जागी. दोन गोल. त्यानंतर बाकावर तो बसला, मी नाही. भूक असली ना, की माणसाला तोंड बंद ठेवता येतं. लक्षात ठेवा."

मामिकिन पुढे बिअरच्या कारखान्यात पिंपं चढवायला लागला आणि नंतर ती रिकामी करायला. दोन हिवाळ्यांपूर्वी तो वारला. तेरेबिन क्लबाच्या रिबिनीचं पुष्पचक्र घेऊन गेला आणि दफनानंतरच्या जेवणाच्या टेबलावर त्याने टरबुजाची गोष्ट सांगितली. लोक हसले. मामिकिनची बायको तेवढी उठून आत गेली.

बुर्लाकच्या गावी निघायच्या सकाळी बसपाशी तेरेबिनने रामिल गाबितोवला गाठलं. गाबितोव हा संघाचा सगळ्यात तरुण स्ट्रायकर, पायांत विजा आणि चेहऱ्यावर सदा झोप.

"तू आज बाकावर."

"का झाखारिच? मागच्या मॅचचा गोल माझाच होता."

"गोल खांबाचा होता. खांबाला लागून आला तेव्हा तू मध्ये उभा होतास. तुझ्या जागी बुजगावणं ठेवलं असतं तरी झाला असता."

बाकीचे फिदीफिदी हसले. गाबितोव नाही हसला.

"तुला भूकच नाही," तेरेबिन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मामिकिनची गोष्ट सांगितली ना तुला?"

"कितीदा तरी."

"मग काही शिरलं का डोक्यात?"

"शिरलं," गाबितोव म्हणाला आणि पार मागच्या सीटवर जाऊन बसला.

प्रवासातही तेरेबिनचे नियम होते. तो पुढे एकटा बसायचा, सीटभोवती पडदा ओढून. मॅचला पोचेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, पडदा सरकवायचा नाही. बसमध्ये माणसं मोजायची नाहीत, मोजली की कुणीतरी पाय मोडून घेतो. आणि तळलेलं खायचं नाही. पोरांना डब्यात उकडलेली कोंबडी आणि बिनलोण्याची गव्हाची लापशी. ते खाताना त्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची.

वेत्लान नदीवर तरंगता पूल आहे. लोखंडी तराफे एकमेकांना जोडलेले, वर फळ्या. मालवाहू बार्ज आल्या की मधला तुकडा ओढून बाजूला काढतात आणि दोन्ही काठांच्या गाड्या बसतात ताटकळत. बस पोचली तेव्हा आडवा दांडा खाली होता. पोरं गवतावर बसून लापशी चिवडायला लागली. काठावरच्या खानावळीतून तळणाचा वास येत होता. आत बेल्याश तळत होते, खिमा भरलेले, तेलात फुगलेले, आणि तेरेबिनचा जीव बेल्याशवर. पोरांसमोर खाणं शक्य नव्हतं. तो पाय मोकळे करायला म्हणून निघाला, मागच्या दाराने दोन बेल्याश घेतले आणि खानावळीच्या पाठीमागे, रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला जाऊन उभा राहिला. पहिला त्याने डोळे मिटून खाल्ला. दुसरा तोंडाशी नेला तोच इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

तो कोपऱ्यावरून वळला तेव्हा बस पुलाच्या फळ्यांवर चढली होती. तेरेबिन धावला. गुडघा मध्येच दगा देत होता. कधी पळाल्यासारखं तर कधी लंगडी घातल्यासारखं होत होतं. बसच्या मागच्या काचेत गाबितोवचा चेहरा होता. गाबितोवने त्याला पाहिलं. पाऊस पडतोय का ते बघावं तसं शांतपणे पाहिलं. मग मोबाईल वर धरला, थोडा वेळ धरून ठेवला, आणि पडदा ओढून घेतला.

बसमागे आडवा दांडा खाली आला. दांड्याशी पिवळ्या जाकिटातली एक धिप्पाड बाई होती. रिम्मा तिचं नाव. तो पूल तिच्या ताब्यात होता.

"थांबा. पूल उघडायचा भोंगा झालाय," ती म्हणाली. "आता पायी कुणाला सोडत नाही."

"माझी बस आहे ती! मी प्रशिक्षक आहे!"

"असाल. गेल्या वर्षी एक इन्स्पेक्टर होता, तो पडला खाली. तुमच्या बसला सांगा मागे यायला. गाडी पुलावर असेपर्यंत मला पूल उघडता येत नाही. मागे येईल, तुम्ही चढा, आणि जा एकदाचे. पण लवकर."

बस पुलाच्या मध्याच्या अलीकडेच थांबली होती. तिचे लाल दिवे लागले होते. तेरेबिनचा फोन वाजला. त्याचा साहाय्यक फेलिक्स शुबिन बोलत होता, मवाळ माणूस, फोनवरसुद्धा वाकून बोलणारा.

"झाखारिच, प्रोखोरला आरशात कुणीतरी धावताना दिसलं. तुम्ही पडद्यामागे नाही आहात?"

"मी नदीकाठी उभा आहे, आंधळ्या!"

"आम्हाला वाटलं झोपलात. तुम्हीच सांगितलंय, पडदा सरकवायचा नाही म्हणून. प्रोखोरने विचारलं, सगळे आले का, तर मागून आवाज आला की आले." फेलिक्सने आवाज खाली आणला. "प्रोखोर म्हणतोय, मागे घेतो. थोडंच यायचंय. पण त्याला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. एप्रिलपासून घाबरलाय तो. फोन मोठ्या आवाजावर ठेवलाय, सगळे ऐकताहेत."

सगळे ऐकत होते. एवढी पोरं एका बसमध्ये आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं, ते तेरेबिनला फोनमधून कळत होतं. बस मागे घ्या म्हटलं आणि मॅच हरली, तर सगळं सोर्गिन्स्क बोटं मोडेल. सोर्गिन्स्कचं जाऊ द्या. त्याला स्वतःलाच ठाऊक असेल की कुणामुळे हरलो. मॅचला अजून अवकाश होता. बार्ज जातील, पूल जोडला जाईल, एखादा ट्रक मिळेल.

"पुढे जा," तो म्हणाला.

"झाखारिच?"

"मॅचच्या दिवशी बस मागे येत नाही. मी येतो मागून. आणि गाबितोव बाकावर, विसरू नकोस."

फोनमधून टाळ्यांचा कडकडाट आला. पोरं टाळ्या वाजवत होती, कुणीतरी शिट्टीही मारली. तेरेबिनचा ऊर भरून आला. लाल दिवे विझले, बस पलीकडच्या काठावर चढली आणि झाडीत दिसेनाशी झाली.

"येडे आहात का हो तुम्ही?" रिम्माने साधेपणाने विचारलं आणि पूल उघडायची खूण केली.

पहिली बार्ज गेली, दुसरी गेली. तिसरी वाळूत रुतली. नदीला पाणी कमी होतं. ती ना पुढे सरके ना मागे. तेरेबिनने होडी मागितली, कुणी दिली नाही. टगबोटवाल्याला शिव्या दिल्या, त्याने त्याहून चांगल्या परत दिल्या. शेवटी खानावळीत बसून त्याने फोन लावायला सुरुवात केली. फेलिक्सने दोनदा उचलला, "हो झाखारिच, बरोबर झाखारिच" म्हणाला आणि मग फोन बंद झाला. मॅचची बातमी मोबाईलवर ओळीओळीने येत होती. पहिल्याच ओळीत अकरा जणांत गाबितोव होता.

"बाकावर म्हटलं होतं मी!" तेरेबिनने टेबलावर मूठ हाणली. समोर चहा पीत बसलेल्या रिम्माने आपला पेला उचलून धरला.

गाबितोवने अर्ध्या वेळाच्या आधी एक गोल मारला, नंतर दुसरा. मार्तेन दोन-शून्यने जिंकला. बाहेरगावी मार्तेन दोन गोलांनी जिंकल्याचं सोर्गिन्स्कमध्ये कुणाला आठवत नव्हतं. तेरेबिनने राग गिळला, रिम्माला मिठी मारली, आणि खरंच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघितलंत?" तो म्हणाला. "बस मागे आली असती तर?"

त्या क्षणी त्याच्याइतका सुखी माणूस वेत्लानच्या दोन्ही काठांवर नव्हता. दारावरची नवी पाटी त्याला दिसत होती, पितळेची.

संध्याकाळी टीव्हीवाल्यांनी गाबितोवला विचारलं, प्रशिक्षक कुठे राहिले? गाबितोवचा चेहरा नेहमीसारखा झोपाळलेला.

"पुलाशी राहिले. मी बघितलं त्यांना, धावत होते."

"मग सांगितलं नाहीत?"

"त्यांनीच शिकवलंय. भूक असली की तोंड बंद ठेवायचं." आणि मग त्याने मोबाईल कॅमेऱ्यापुढे धरला. त्यात तेरेबिन धावत होता, एक पाय ओढत, हातात धरलेला बेल्याश, बोटांवरून तेल ओघळतंय. "हे बघा. टाकला असता तर पोचले असते."

दोन दिवसांत ते चलचित्र सोर्गिन्स्कमध्ये पाहिलं नाही असा माणूस उरला नाही. तीस वर्षं ज्याला घण म्हटलं त्याला शहर बेल्याश म्हणू लागलं. पावाच्या दुकानातल्या बाईने आता 'प्रभारी'चं विचारलं नाही. तिने विचारलं, "आज साधा पाव की तळलेलं काही?" आणि रांगेतली माणसं भिंतीकडे तोंड करून हसली. तेरेबिनने दात ओठ खाल्ले. टिकू द्या एकदा, मग बघतो एकेकाला, तो स्वतःला सांगत होता.

लापशिननी त्याला कार्यालयात बोलावलं आणि स्वतःच्या हाताने कोन्याक ओतली. लापशिनचा धंदा सिमेंटचा. फुटबॉल नगरपालिकेने त्यांच्या गळ्यात घातला होता. कोपऱ्यात फेलिक्स बसला होता, टोपी मांडीवर.

"रोदिओन झाखारोविच," लापशिन म्हणाले, "तुम्ही फुटबॉलमधले. मी सिमेंटवाला माणूस. मला एक शिकवा. संघ जिंकला, तर पुढच्या मॅचला काय बदलायचं?"

"काहीच नाही," तेरेबिन एका दमात म्हणाला. "मोजेसुद्धा धुवायचे नाहीत."

"काहीच नाही. फेलिक्सही तेच म्हणतो. पोरंही तेच म्हणतात."

"बरोबर म्हणतात." तेरेबिन मान डोलवत होता. फेलिक्स जमिनीकडे बघत होता. त्याच्याकडे नजर गेली आणि तेरेबिनची मान डोलायची थांबली.

"गाडी सकाळी येईल तुमच्या दाराशी," लापशिन म्हणाले. "वेत्लानपर्यंत सोडेल. त्याच खानावळीत. कपडे तेच घाला."

"मॅच इथे आहे. घरच्या मैदानावर. बसचा प्रश्नच नाही!"

"बसचा नाही. तुमचा आहे."

"तुम्ही माझी थट्टा करताय."

"मी?" लापशिनना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "मी कशावरच विश्वास ठेवत नाही हो. ही तुमची श्रद्धा. पोरं म्हणतात, तो मैदानावर दिसला तर आमचे पाय गळतील. तुम्हीच सांगा, मी काय करू? तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हाला मैदानात येऊ दिलं असतंत?"

तेरेबिनने तोंड उघडलं. शपथेवर खोटं बोलता आलं असतं तर तो बोलला असता. पण बस हातभर मागे गेली म्हणून ज्याने प्रोखोरला गावभर बदनाम केलं, त्याच्यापाशी उत्तर एकच होतं.

"नसतं येऊ दिलं," तो म्हणाला.

"झालं तर मग."

"आणि पाटी?"

"टिकलो की पाटी बदलतो. शब्द दिलाय मी." लापशिननी पेला वर केला.

रविवारी तो तेच जाकीट घालून गेला, कोपरावर त्या दिवशीचा तेलाचा डाग होता. खानावळीत त्याच टेबलाशी बसला. पूल जोडलेला होता. मग भोंगा झाला, रिम्माने दांडा पाडला, पूल उघडला आणि ती चहाला आत आली.

"परत मागे राहिलात?" तिने विचारलं.

"मुद्दाम," तेरेबिन म्हणाला. समोरच्या बशीत बेल्याश होते. त्याने हात लावला नाही.

मॅच सुरू झाली. ओळी येत राहिल्या. बुर्लाकने एक गोल मारला. तेरेबिनच्या छातीत काहीतरी लकाकलं आणि ते काय हे कळायच्या आतच त्याने पुढची ओळ शोधायला सुरुवात केली. मार्तेनचे पाय गळत होते. म्हणजे तो नसतानाही गळत होते! म्हणजे त्याचा काही दोष नव्हता. अर्ध्या वेळानंतर बुर्लाकने दुसरा मारला आणि तेरेबिन उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

"गोल झाला वाटतं तुमचा?" रिम्मा म्हणाली.

"नाही. त्यांचा."

"मग टाळ्या कसल्या?"

तो खाली बसला. हात मांडीवर कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. आता दोन्हीकडे दोन-दोन होते. अजून एक गोल बुर्लाकचा, की मार्तेन खाली जाईल, लापशिनची ही सगळी थेरं खोटी ठरतील, आणि लोक म्हणतील, तेरेबिनला बाहेर ठेवलंत म्हणून बुडालात. करायचं काहीच नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं.

बसायचं होतं, पण जमेना. कारण त्याला कळलं होतं की मार्तेन का हरतोय. त्याने काल रात्रीपासून सगळं त्या दिवसासारखं केलं होतं, फक्त एक गोष्ट केली नव्हती. त्या दिवशी तो एक बेल्याश खाऊन, दुसरा हातात घेऊन धावला होता. आज तो बसून होता. ही गोष्ट जगात त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती आणि कुणी त्याला विचारणारही नव्हतं. बसून राहिला असता तर तो सुटला असता. पण तेरेबिन स्ट्रायकर होता. समोर जाळी रिकामी दिसली की पाय आपोआप हलायचा, मग जाळी कुणाची का असेना.

त्याने बशीतला एक बेल्याश कसाबसा खाल्ला, दुसरा हातात घेतला, मागच्या दाराने बाहेर पडला, खोक्यांपाशी उभा राहिला आणि धावला. गुडघ्याने पहिल्याच वळणाला दगा दिला. तो तसाच, पाय ओढत, हात पुढे धरून दांड्यापर्यंत गेला. काठावर गाड्यांची रांग होती. "अरे, बेल्याश! तोच तो!" कुणीतरी ओरडलं आणि भराभर मोबाईल बाहेर निघाले. पुलाचा मधला तुकडा जागेवर नव्हता. पलीकडे नुसतं पाणी आणि लांबवर काठ. तेरेबिन दांड्याला धरून धापा टाकत राहिला. मोबाईल खिशात थरथरला.

गाबितोव. गोल.

मॅच संपेपर्यंत तो दांडा सोडून हलला नाही. दोन-एकने हरूनही मार्तेन टिकला होता. थोड्या वेळाने लापशिनचा फोन आला. मागे मैदान गर्जत होतं, कुणीतरी ढोल बडवत होतं.

"टिकलो, रोदिओन झाखारोविच! शब्द पाळला बघा मी. पाटी आत्ताच बदलून घेतली."

तेरेबिनने फोन दुसऱ्या कानाला लावला. "प्रभारी काढलं?"

"काढलं. फेलिक्सला कशाला प्रभारी म्हणायचं? एकदम मुख्यच लिहिलंय."

ढोल वाजत राहिला.

"तुमचंही काम आहे हो," लापशिन म्हणाले. "तुम्ही धावलात आणि गोल झाला. लोक पाठवताहेत ते चित्रण, इथे पडद्यावर दाखवलं, सगळं मैदान उभं राहिलं तुमच्यासाठी! जुलैत हंगाम सुरू होतो. घरच्या मॅचला गाडी पाठवत जाईन. नाही म्हणू नका. तुम्ही पुलाशी नसलात आणि हरलो, तर गाव कुणाला शिव्या देईल ते तुम्हाला सांगायला नको."

पूल परत जोडला गेला. रिम्माने दांडा वर केला आणि गाड्या हॉर्न वाजवत त्याच्या शेजारून गेल्या.

"आता सोडते पायीसुद्धा," ती म्हणाली. "जायचंय का पलीकडे?"

"नाही."

"मग परत कधी येणार?"

"जुलैत." तेरेबिनने हातातल्या बेल्याशकडे पाहिलं. तेल थिजून पांढरं झालं होतं.

"येण्याआधी कळवा. गरम गरम काढून ठेवायला सांगते."

"गरम नको," तेरेबिन म्हणाला. "दुसरा गार होऊ द्यायचा. आज तसाच होता."